भिंतीवरचं तारण

मी बी.ए. झालो तेव्हा माझ्या प्रमाणपत्राला चौकट आमच्या गावच्या फंडाने करून घेतली. खर्च एक रुपया बारा आणे. तो माझ्याच नावावर टाकला.

लालबागला आमच्या गावची एक खोली होती. साताऱ्याकडच्या एका डोंगराळ गावचे वीस-बावीस पुरुष त्या खोलीत राहत, बायकामुलं गावी. मिलच्या तीन पाळ्यांमुळे सगळे एकाच वेळी झोपायला येत नसत, म्हणून ते जमून जाई. प्रत्येकाला एक ट्रंक, एक वळकटी आणि सदरा अडकवायला एक खिळा. आणि सगळ्यांचा मिळून एक फंड. महिन्याला दोन रुपये वर्गणी भरायची आणि अडीनडीला त्यातून कर्ज काढायचं. कर्जाला एक जामीनदार लागे आणि एक तारण. तारण म्हणजे बहुधा तांब्याचा हंडा किंवा बायकोच्या कानातली फुलं. माझ्याकडे हंडा नव्हता, बायको नव्हती.

"मग हाय काय तुझ्याकडं?" खोलीतल्या कुणीतरी विचारलं.

मी प्रमाणपत्र काढलं. फंडाचे खजिनदार मिलच्या टाइमऑफिसात कारकून होते; खोलीत माझ्याखेरीज इंग्रजी वाचू शकणारे तेवढे एकच. त्यांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं.

"मोडीत काय येईल याचं?"

"मोडीत काही येणार नाही," मी खरं ते सांगितलं.

"तरी ठेवतो. पण चौकट करून घ्यावी लागेल. खोलीत उंदीर आहेत."

अशा रीतीने आमच्या घराण्यातली पहिली पदवी गणपतीच्या तसबिरीशेजारी भिंतीवर गेली. येणारेजाणारे तिच्याकडे बघून नमस्कार करत. त्यांना वाटे, गावाने अभिमानाने लावली आहे. तसं ते पूर्ण खोटंही नव्हतं.

कर्ज दोनशे रुपयांचं होतं आणि त्याला जामीन राहिले होते आमच्या आळीतले काका. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. मिलमध्ये कापड विणायचे साचे चालवायचे, कमी बोलायचे, आणि मी कॉलेजात असताना चार वर्षं त्यांनी त्यांच्या वळकटीशेजारची जागा मला दिली होती. मी रात्रपाळीच्या वेळेला त्यांच्या अंथरुणावर अभ्यास करायचो. जामीन राहताना त्यांनी एवढंच विचारलं, "फेडशील न्हवं?" मी म्हटलं, "काका, पदवीधर आहे मी." हे उत्तर त्यांना पुरलं. मलाही तेव्हा पुरलं होतं.

ते दोनशे रुपये मी कशात घातले हे सांगायला हवं. जुगारात किंवा नाटकात घातले असते तर सांगायला सोपं गेलं असतं. मी ते गावी पाठवले. मुलगा बी.ए. झाला म्हटल्यावर पुढच्या महिन्यापासून मनीऑर्डर सुरू व्हायला हवी, असा गावाचा साधा हिशेब होता. नोकरी लागायला मला पाच महिने लागले. मनीऑर्डर मात्र वेळेवर सुरू झाली. महिना तीस रुपये. खाली कुपनावर मी लिहायचो, "पगारातून पाठवीत आहे. तब्येत ठीक." वडिलांना वाचता येत नसे. पोस्टमन ते चावडीवर मोठ्याने वाचून दाखवी आणि त्या वाचनाच्या बळावर वडिलांना गावातला वाणी उधार देऊ लागला. पत ही आमच्याकडे बापाकडून मुलाकडे येण्याऐवजी उलटी गेली होती, इतकाच फरक.

शेवटी फोर्टातल्या एका पेढीवर तात्पुरता कारकून म्हणून लागलो. ऑफिसात जायचं तर कोट-पँट हवी, म्हणून ठाकूरद्वारच्या एका शिंप्याने माझी पदवी ऐकूनच माप घेतलं आणि पैशांचं नाव काढलं नाही. खानावळीतही तेच. "साहेब, देताल की सवडीनं." मुंबईत माणसाला साहेब म्हटलं की त्याचं बिल वाढतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज सभा, उद्या मोर्चा, परवा बंद. आमच्या खोलीतला एकही माणूस त्यातून सुटला नव्हता. खजिनदार तर कामगार मैदानावर पहिल्या रांगेत असायचे. एका बंदच्या दिवशी मी कामावर गेलो नाही. त्यात देशप्रेम किती होतं आणि ट्रॅम बंद असणं किती होतं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पेढीच्या मालकांनी मात्र सगळं देशप्रेमच धरलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला पूर्णवेळ देशाच्या स्वाधीन केलं. मुंबई कोणाची, याचा निकाल दिल्लीत लागत नव्हता. माझ्यापुरता तो लागला होता. ठाकूरद्वारपासून लालबागपर्यंत मी तिचा देणेकरी होतो.

मग मी लष्करात भरती झालो. पळून गेलो असं लोक म्हणत होते, ते चूक आहे. मी देशाच्या सेवेला गेलो. फक्त कुणाला सांगितलं नाही आणि सामान न्यायला खोलीवर आलो नाही.

भरतीच्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं, पदवीधराला जवानांना शिकवण्याची जागा मिळेल, हवालदाराचा हुद्दा आणि पगार जवळजवळ दुप्पट. "मूळ प्रमाणपत्र आणलंय?" मी म्हटलं, गावच्या मंडळींनी लावून ठेवलंय भिंतीवर. ते खूश झाले. म्हणाले, मागवून घ्या. तोवर साधे रिक्रूट म्हणून सुरुवात करा.

छावणी बेळगावची. बेळगाव महाराष्ट्रात की म्हैसुरात यावर मोठमोठी माणसं भांडत होती, आणि आम्ही तिथे पहाटे पाचला खांद्यावर बंदूक घेऊन उभे असायचो. मी खजिनदारांना आदबीने पत्र लिहिलं की सरकारी कामासाठी प्रमाणपत्र पंधरा दिवस मिळावं. त्यांचं उत्तर फंडाच्या शिक्क्यासह आलं. तारण उसने देण्याची पद्धत नाही. कर्ज फिटताच सन्मानपूर्वक परत करण्यात येईल.

म्हणजे कागद नाही म्हणून बढती नाही, बढती नाही म्हणून पैसे नाहीत आणि पैसे नाहीत म्हणून कागद नाही. हे मी ज्या बराकीत वाचलं, तिथे सकाळीच आम्हाला गोलाकार तटबंदीचे फायदे शिकवले होते.

पत्राच्या खाली मात्र खजिनदारांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी जोडल्या होत्या. काकांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं आहे. चैत्र-वैशाखात करायचं आहे. काकांनी तीनशे रुपयांचा अर्ज दिला होता, पण ज्याचा जामीन अडकला आहे त्याला कर्ज देता येत नाही, हा आपला नियम तुम्हाला ठाऊकच आहे.

ठाऊकच होता. नियम वाचून दाखवताना पेट्रोमॅक्स मीच धरला होता.

काकांनी स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं हे खरं. पण खोलीतली सगळी पत्रं मीच लिहून द्यायचो, आणि आता ते कुणाकडून तरी लिहून घेऊ शकले असते. घेतलं नाही.

रिक्रूटला सगळं फुकट मिळतं. जेवण फुकट, कपडे फुकट, बूट फुकट, डोकं भादरणं तर सक्तीचं आणि फुकट. तरीही दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्यातले निम्मे जण कफल्लक असत. छावणीच्या बाजारात एक फोटोवाला होता. तो गणवेशातला फोटो काढी, मागे रंगवलेला हिमालय. एक घड्याळवाला होता, तो हप्त्याने घड्याळ देई. नुकताच आलेला रिक्रूट त्याला बरोबर ओळखू येई. मलाही म्हणाला, "साहेब, बघा तर हातात घालून." साहेब हा शब्द ऐकला आणि या वेळी मी घड्याळाला हात न लावता तिथून निघालो. फोटो मात्र काढला. बायकोमुलं नसलेल्या माणसाने हिमालयासमोर उभं राहून फोटो कुणाला पाठवायचा, हा विचार नंतर सुचला.

तिसऱ्या महिन्यात सुभेदारसाहेबांनी बोलावलं. कोल्हापूरकडचे, मिशा पांढऱ्या. पुढ्यात इंग्रजी टाइप केलेला कागद होता. शिंप्याने कोर्टाबाहेरच्या लेखनिकाकडून तो करून घेतला होता, आणि थेट पलटणीच्या साहेबांच्या नावे. त्यात म्हटलं होतं की आपला एक सैनिक आमचा कोट आणि पँट घालून देशाचं रक्षण करीत आहे, तरी बासष्ट रुपये देववावेत.

"व्हय रं, कोट कुठं हाय?"

"मुंबईला, साहेब. ट्रंकेत."

"आनि ट्रंक?"

"फंडाच्या खोलीत."

"म्हंजे कोट तुज्याकडं न्हाई, पदवी तुज्याकडं न्हाई. तुज्याकडं हाय काय?"

लालबागला मला हाच प्रश्न विचारला होता. फरक एवढाच, की या वेळी सावधान उभा राहून ऐकत होतो.

त्यांनी मला बसायला सांगितलं, हे तिथे सहसा होत नसे. पे-बुक उघडलं. "कुनाकुनाचं किती, सांग." मी सांगितलं. फंडाचे व्याजासह दोनशे चाळीस, शिंप्याचे बासष्ट, खानावळीचे अडतीस. आकडे त्यांनी पाठच्या पानावर पेन्सिलीने लिहिले.

"ह्ये तीस दर म्हैन्याला कुठं जात्यात?"

"घरी, साहेब. मनीऑर्डर."

"बापानं मागितल्यात?"

"नाही. पण मी पाठवतो हे गावाला माहीत आहे."

"आनि ही देनी हाईत, ह्ये म्हाईत हाय?"

मी त्यांच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं.

"ऐक. शिंप्याला पाच, खानावळीला तीन, आनि दोघांनाबी पत्र, की फिटंपातूर दर म्हैन्याला यील. उरल्यालं सगळं फंडाला. घरचं बंद." त्यांनी पुस्तक मिटलं. "पेन्सिल मोडंल, पर ह्येच्यात बदल न्हाई. आनि बापाला लिही, का बंद क्येलं त्ये."

पहिल्या तीन गोष्टी मी त्याच दिवशी केल्या. चौथीला तीन आठवडे लागले. कारण वडिलांना पत्र लिहिणं म्हणजे गावाला पत्र लिहिणं होतं. पोस्टमनने किंवा मास्तरांनी वाचल्याशिवाय ते वडिलांपर्यंत पोचणारच नव्हतं. आमच्यासारख्या घरांत पहिला शिकलेला मुलगा हा असा एकटाच असतो. त्याला बापाशी खाजगी बोलायचं तर समोर जावं लागतं, आणि रिक्रूटला नऊ महिने रजा नसते. मी चार मसुदे केले. त्यांतल्या दोन मसुद्यांत महागाईला दोष दिला होता आणि एकात केंद्र सरकारला. शेवटी लिहिलं ते असं: मी सुरुवातीला पाठवलेले पैसे पगाराचे नव्हते, फंडाचे कर्ज होते, काका जामीन आहेत, त्यांच्या मुलीचं लग्न माझ्यामुळे अडलं आहे, म्हणून आता पैसे येणार नाहीत.

उत्तर मास्तरांच्या अक्षरात आलं. "तुझे पत्र देवळात वाचले. सर्वांनी ऐकले. वडील म्हणतात, पैसे नकोत, म्हैस दूध देते. वाण्याचे ते बघतील. आधी काकांचे मोकळे कर. वडील आणखी म्हणतात, की त्यांना अंदाज होता, कारण पगार दर महिन्याला एका आण्याचाही फरक न पडता येत नसतो." शेवटी मास्तरांनी स्वतःचंही एक वाक्य घातलं होतं की शुद्धलेखन सुधारले आहे.

त्यानंतरही मी फंडाला पैसे धाडत राहिलो. कुपनावर 'पगारातून' असं लिहिताना पहिल्यांदाच हात आखडला नाही.

प्रशिक्षण संपलं आणि रजा मिळाली ती फाल्गुनात. दादरला उतरून चालत लालबागला आलो, अंगावर नवाकोरा गणवेश. मनात चित्र होतं की चाळीच्या गॅलरीत बायका उभ्या राहतील. गॅलरीत बायका होत्या. मला बघून त्यांनी दारं लावून घेतली. गेल्या दीड-दोन वर्षांत त्या गल्लीने गणवेशातली माणसं फक्त लाठ्या आणि बंदुका घेऊन आलेली पाहिली होती. पोलिसांचा रंग कुठला आणि लष्कराचा कुठला, हे बघायला कुणी थांबत नव्हतं. खोलीच्या दारात एकाने मला ओळखलं आणि आत ओरडून सांगितलं, "आपलंच हाय. कर्जवालं."

काका भिंतीला टेकून बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, हातही डोक्यावर ठेवला नाही.

"पानी पी," म्हणाले. आणि मी तांब्या खाली ठेवल्यावर, "वाळलास."

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि फंडाची सभा. मला वाटलं होतं, कोपऱ्यात बसून पैसे द्यावे आणि कागद घ्यावा. तसं नव्हतं. सभेच्या कामकाजात पहिला विषय माझा सत्कार होता, कारण मी गावातला पहिला पदवीधर सैनिक. आणि दुसरा विषय माझी थकबाकी. मला हार घातला, नारळ दिला, खजिनदारांनी पाच मिनिटं भाषण केलं, त्यात मुंबई, बेळगाव, सीमा आणि मी असे सगळे आलो. हार गळ्यात असतानाच ते खाली बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता बाकी रुपये त्रेचाळीस."

"सत्काराचा खर्च त्यातून वजा करता येईल का?" मी विचारलं.

"सत्काराचं खातं वेगळं आहे."

मी त्रेचाळीस मोजले. रजेसाठी मिळालेल्या पगारातून आता मला चिल्लर उरली. खजिनदारांनी दोनदा मोजले, वहीत लाल शाईने रेघ मारली, स्टुलावर चढून चौकट उतरवली आणि माझ्या हातात दिली. मागे खरोखरच उंदरांनी पुठ्ठा कुरतडला होता. आत कागद शाबूत होता. पुढे त्याच्यावर मला हवालदाराचा हुद्दा मिळाला. पण त्या सकाळी माझं लक्ष तिकडे नव्हतं.

तिसरा विषय काकांचा अर्ज. तीनशे रुपये, मुलीच्या लग्नासाठी. तारण म्हणून काकूंच्या पाटल्या. जामीनदार कोण?

कुणी पुढे झालं नाही. कोणाचं मन नव्हतं असं नाही. एका माणसाने एकाच कर्जाला जामीन राहायचं हा नियम, आणि त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता जो दुसऱ्या कुणाच्या तरी कर्जात अडकलेला नव्हता. फंडात ज्याच्या नावावर काही नव्हतं आणि जो कुणाला जामीन नव्हता असा गेल्या दहा मिनिटांपासून एकच माणूस होता.

"मी राहतो," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. मागून एक आवाज आला, "आत्ता सुटला आन् लगेच?"

खजिनदारांनी मान हलवली. "नियमात बसतं. पण एक अडचण आहे. तुम्ही लष्करात. उद्या कुठे पाठवलं आणि काही बरंवाईट झालं, तर फंडाने वसुली कुणाकडून करायची? सैनिकाचा जामीन कच्चा धरावा लागेल."

म्हणजे बेकार होतो तेव्हा माझी पदवी पुरली, आणि आता सरकार दरमहा पगार देत होतं तेव्हा माझा मृत्यू आडवा येत होता. मी काही बोलणार तोच काका पहिल्यांदा बोलले.

"त्येचीच सही पायजे."

"अहो, पण उद्या..."

"त्येचा बाप हाय की." काकांनी सदऱ्याच्या खिशातून एक कार्ड काढून खजिनदारांपुढे ठेवलं. मास्तरांचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. खाली शाईचा एक मोठा, जरा पसरलेला अंगठा. "म्हैन्यामागं इचारून घेतलंय. पोराला काय झालं तर म्या भरीन, असं लिवलंय."

महिन्यामागे माझे ब्याऐंशी रुपये देणं बाकी होतं. तेव्हा, सबंध खोली मला पळपुटा म्हणत असताना, या माणसाने कुणाकडून तरी गावी पत्र लिहवून घेतलं होतं. मला पाणी पी म्हणण्याआधी. मी काकांकडे बघितलं. ते कार्डाकडे बघत होते.

खजिनदारांनी कार्ड दोनदा वाचलं आणि वहीत लिहिलं, "जामीनदार युद्धात कामी आल्यास जबाबदारी वडिलांवर." मग दौत माझ्याकडे सरकवली. मी सही केली. नऊ महिन्यांत प्रत्येक गोष्ट पळत करायची सवय लागली होती, सहीही पळतच झाली.

"सावकाश," काका म्हणाले. "वाचता आली पायजे."

वैशाखातलं लग्न ठरल्या तिथीला लागणार, हे तेव्हाच नक्की झालं. खजिनदारांनी तीनशे मोजून काकांच्या हातात दिले, काकांनी ते धोतराच्या सोग्यात बांधले आणि तसेच पाळीला गेले. शाई वाळायची वाट पाहत खजिनदारांनी मला नियम समजावून सांगितला, जणू मी तो विसरलो असेन. काकांचं कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे निदान तीन वर्षं, मला फंडातून एक पैसाही उचल मिळणार नाही. त्यांना वाटलं, ते मला एक वाईट बातमी देत आहेत. इतकी मोठी सवलत तोवर मला कुणी दिलेली नव्हती.